झडपांचें वेळापत्रक

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला मोटारींच्या इतिहासांत मानाचें स्थान आहे. १ जून १९४८ रोजीं एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून तेव्हांच्या अहमदनगरला गेली ती याच रस्त्यानें, घोड नदीच्या कांठचें शिरूर मागें टाकून. आज त्याच रस्त्यावर, शिरूर येण्यापूर्वीं, रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत फियाट व टाटा मोटर्स यांच्या भागीदारीनें उभारलेला मोटारींचा कारखाना आहे. महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूला नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रक वाटेंत भेटतात. आणि त्याच रांगेंत कधीं एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी, कधीं एखादी मारुती ८०० आपल्या चालीनें जातांना दिसते.

अशा जुन्या गाडीच्या मालकापुढें एक प्रश्न वारंवार उभा राहतो. नव्या गाड्यांच्या माहितीपत्रकांत ‘व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग’ असे शब्द ठळक छापलेले असतात. झडपा उघडण्याची वेळ चालत्या इंजिनांत बदलण्याची ही योजना होय. तिच्यामुळें तेवढ्याच पेट्रोलवर गाडी अधिक पल्ला मारते, चढावर दम धरते आणि वेगांतही मागें पडत नाहीं, असें सांगतात. मग ही योजना वडिलांच्या वेळच्या गाडीला कां जोडूं नये? ‘जोडून देऊं’ म्हणणारा कारागीरही क्वचित् भेटतो. गाडी ही कुटुंबाची आठवण असते आणि खर्चावयाचा पैसा कष्टाचा असतो; म्हणून हो किंवा नाहीं म्हणण्यापूर्वीं ही योजना आहे तरी काय आणि ती जुन्या इंजिनांत कोठें अडते, हें नीट समजून घेणें अवश्य आहे.

इंजिनाचें काम समजण्यासाठीं त्याच्या श्वासापासून आरंभ करणें सोयीचें. पेट्रोलच्या इंजिनांत पोकळ नळकांडीं असतात. त्यांस सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरांत एक दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खालींवर होतो. दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एक कार्य पुरें होतें. पहिल्या फेरींत दट्ट्या खालीं जातो आणि हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. दुसऱ्या फेरींत तो वर येऊन तें मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि तिसऱ्या फेरींत दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो; गाडीला ओढ मिळते ती या एकाच फेरींत. चौथ्या फेरींत दट्ट्या पुन्हां वर येतो व जळून उरलेला धूर बाहेर लोटतो. मिश्रण आंत येण्याचें दार वेगळें आणि धूर बाहेर जाण्याचें दार वेगळें. या दारांनाच झडपा म्हणतात. गॅरेजांतल्या बोलींत व्हॉल्व्ह.

ह्या झडपा उघडण्याचें काम एक दांडा करतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याशीं, म्हणजे क्रँकशाफ्टशीं, तो सांखळीनें किंवा पट्ट्यानें जोडलेला असतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवट्याला कॅम म्हणतात आणि दांड्याला कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले कीं कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. उंचवटा वर आला कीं झडप ढकलली जाऊन उघडते. तो सरला कीं स्प्रिंग तिला मिटविते. कोणती झडप केव्हां उघडावी, किती उघडावी आणि किती वेळ उघडी राहावी, हें सारें त्या उंचवट्यांच्या घडणींत कारखान्यांतच ठरून गेलेलें असतें. इंजिनाचें हें वेळापत्रकच होय. आणि तें लोखंडांत घडविलेलें असल्यामुळें इंजिन मंद चालो वा जलद चालो, तें बदलत नाहीं.

अडचण येते ती येथेंच. गाडी उभी असून इंजिन मंद चालत असतां क्रँकशाफ्टचे मिनिटाला सुमारें ८०० फेरे होतात. प्रत्येक झडप त्यावेळीं मिनिटाला ४०० वेळां, म्हणजे सेकंदाला सातांहूनही कमी वेळां उघडते. तेंच इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर गेलें कीं तीच झडप सेकंदाला ५० वेळां उघडते आणि दट्ट्याला वरून खालीं जाण्यास सेकंदाचा अवघा दोनशेवा भाग मिळतो. आतां हवा दिसत नसली तरी तिला वजन आहे. वजन असलेली वस्तु एकदम हलत नाहीं, आणि एकदां हलूं लागली कीं एकदम थांबतही नाहीं.

याचा परिणाम काय होतो तो एस. टी.च्या स्थानकावर पाहावा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस आहे, गाडी फलाटाला लागली आहे आणि मागून लोंढा आंत शिरत आहे. अशा वेळीं कंडक्टरनें दार क्षणभर अधिक उघडें ठेवलें तर मागच्यांच्या रेट्यानेंच आणखी चार माणसें आंत येतात. पण गर्दी नसतांना दार तसेंच उघडें राहिलें आणि आंत जागेची ढकलाढकल सुरू झाली, तर आंत आलेलीं माणसेंच पुन्हां बाहेर पडतात. इंजिनाचीही गोष्ट हीच. वेग मोठा असला म्हणजे दट्ट्या तळाला जाऊन वर फिरूं लागला तरी बाहेरची हवा आपल्या वेगानें आंत घुसत असते. झडप थोडी उशीरां मिटली तर सिलिंडर अधिक भरतो. वेग मंद असला म्हणजे हवेला तो रेटा नसतो. मग झडप उशीरां मिटली तर वर येणारा दट्ट्या घेतलेलें मिश्रणच परत बाहेर ढकलतो. तेव्हां जलद चालीला उशीरां मिटणारी झडप हवी आणि मंद चालीला लवकर मिटणारी.

दुसरी अशीच एक अडचण आहे. धूर जाण्याचें दार मिटत असतांना मिश्रण येण्याचें दार थोडें आधींच उघडतात. दोन्ही दारें कांहीं क्षण एकदम उघडीं राहतात. मोठ्या वेगांत वेगानें बाहेर जाणारा धूर आपल्यामागें ताजें मिश्रण ओढून घेतो व सिलिंडर स्वच्छ होतो. परंतु मंद चालींत हाच धूर उलट मिश्रणाच्या वाटेंत शिरतो, आणि इंजिन गुरगुरतें, थरथरतें, कधीं बंदही पडतें. शर्यतीच्या गाड्यांचीं इंजिनें उभ्या जागीं अडखळत चालतात त्याचें एक कारण हेंच. घरगुती गाडीच्या कारखानदाराला म्हणून मधला मार्ग धरावा लागतो: मंद चालींत फारसें बिघडूं नये आणि जलद चालींत फारसें अडूं नये, अशा बेताचें एकच वेळापत्रक तो उंचवट्यांना देतो. त्यांत दोन्हीकडे थोडें नुकसान असतें आणि तें पेट्रोलच्या खर्चांत व गाडीच्या ओढींत भरून द्यावें लागतें.

हें नुकसान टाळण्याचा विचार अभियंते फार वर्षें करीत होते. विक्रीच्या मोटारींत तो प्रथम उतरला इटलींत, १९८० सालच्या आल्फा रोमिओ स्पायडर या गाडींत. १९८९ सालीं जपानच्या होंडा कंपनीनें वेगवान चालीसाठीं वेगळा, उंच उंचवटा आपोआप कामाला लावणारी ‘व्हीटेक’ ही रचना काढली. त्यानंतर ही कल्पना हळूहळू साध्या घरगुती गाड्यांपर्यंत पोंचली. आज सर्वांत अधिक वापरांत असलेली रीत समजण्यास सोपी आहे. कॅमशाफ्टच्या टोकाचें दांत्यांचें चाक दांड्यावर घट्ट न बसवितां मध्यें एक डबी बसवितात. तिला फेझर म्हणतात. डबीच्या आंत दांड्याला जोडलेलीं पाखें असतात. पाखांच्या एका बाजूला इंजिनांतलें तेल दाबानें सोडलें कीं दांडा चाकाच्या थोडा पुढें जातो. दुसऱ्या बाजूला सोडलें कीं मागें येतो. दांडा पुढें गेला म्हणजे त्याच्यावरील झडपा लवकर उघडतात व लवकर मिटतात. मागें आला म्हणजे उशीरां. तेल कोणत्या बाजूला आणि किती सोडावें, हें गाडींतला संगणक क्षणोक्षणीं ठरवितो.

येथपर्यंत ऐकल्यावर ती डबी बाजारांतून आणून जुन्या इंजिनाच्या टोकाला बसवावी, एवढेंच काम आहे असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु जुन्या इंजिनाची घडण पाहिली म्हणजे हा समज टिकत नाहीं.

पद्मिनीचेंच उदाहरण घ्यावें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी निघूं लागली आणि तीच पुढें पद्मिनी या नांवानें घरोघरीं गेली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तर तिनें २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत सेवा केली. तिच्या १,०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनांत चार सिलिंडर व आठ झडपा आहेत आणि त्या सर्वांना मिळून एकच कॅमशाफ्ट आहे. तोही वर झडपांजवळ नसून खालीं ब्लॉकच्या पोटांत आहे. त्याचे उंचवटे लांब सळ्यांना वर ढकलतात, सळ्या रॉकर नांवाच्या तरफा हलवितात आणि तरफा झडपा उघडतात. मिश्रणाच्या आणि धुराच्या झडपांचे उंचवटे एकाच दांड्यावर असल्यामुळें दांडा फिरविला तर दोन्ही वेळा एकदमच पुढें किंवा मागें सरकणार. दोन्ही दारें एकदम उघडीं राहण्याचा काळ जसाच्या तसाच राहणार. म्हणजे मंद चालींतला दोष सुटण्याचा मार्ग बहुतांशीं बंदच.

अशा एकदांडी इंजिनांना ही योजना कोणीच जोडली नाहीं असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील मोठ्या इंजिनांत सगळा दांडाच फिरविण्याची रचना झाली आहे, आणि २००८ सालच्या डॉज व्हायपर गाडींत तर एका पोकळ दांड्याच्या आंत दुसरा दांडा घालून दोन्ही प्रकारचे उंचवटे वेगवेगळे फिरविण्याची युक्ति साधली आहे. परंतु तें काम कंपनीच्या रेखनशाळेंत आणि सूक्ष्म यंत्रांवर झालें. पद्मिनीसाठीं असा दांडा कोणीं घडविलेला नाहीं. मारुती ८०० च्या ७९६ घन सेंटिमीटरच्या इंजिनांत दांडा वर हेडमध्यें आहे आणि पट्ट्यानें चालतो, एवढी सोय खरी. पण तेथेंही दोन्ही प्रकारच्या झडपांना दांडा एकच, आणि म्हणून अडचणही तीच.

दुसरी अडचण तेलाची. फेझर चालतो तो इंजिनांतल्या तेलाच्या दाबावर. त्यासाठीं ब्लॉकमधून, हेडमधून आणि दांड्याच्या बेअरिंगांतून तेलाच्या दोन वेगळ्या वाटा डबीपर्यंत न्याव्या लागतात. त्या वाटा जुन्या इंजिनांत नसतात. त्या नव्यानें कोरावयाच्या म्हणजे आधींच भेगा व गंज यांनीं दुबळ्या झालेल्या हेडला भोंकें पाडावयाचीं. शिवाय लाखभर किलोमीटर चाललेल्या इंजिनाचीं बेअरिंगें झिजलेलीं असतात. इंजिन तापून मंद चालूं लागलें कीं तेल पातळ होऊन त्या फटींतून निघून जातें व दाब उतरतो. जो दाब बेअरिंगांनाच पुरत नाहीं, त्यांतून फेझरला वांटा देणें म्हणजे घरांत पाण्याची टंचाई असतांना कारंजें बसविण्यासारखें आहे.

तिसरी अडचण मेंदूची. दांडा किती सरकवावा हें ठरविण्यास संगणकाला चार गोष्टी सतत कळाव्या लागतात: क्रँकशाफ्ट कोठें आहे, कॅमशाफ्ट कोठें आहे, इंजिनावर भार किती आहे आणि तें किती तापलें आहे. नव्या इंजिनांत हें सांगणारे सेन्सर जागोजागीं बसविलेले असतात. पद्मिनीच्या इंजिनांत पेट्रोल देण्याचें काम कार्ब्युरेटर करतो आणि ठिणगी वांटण्याचें काम डिस्ट्रिब्युटर. दोन्ही साधीं, भरंवशाचीं उपकरणें. पण त्यांना कांहीं विचारतां येत नाहीं आणि कांहीं सांगतां येत नाहीं. झडपांची वेळ बदलली कीं सिलिंडरांत जाणारी हवा बदलते, आणि हवा बदलली कीं पेट्रोल व ठिणगीची वेळही बदलावी लागते. म्हणून फेझरच्या मागोमाग इंजेक्शन, सेन्सर, संगणक आणि सगळी तारजोडणी येते. एका भागासाठीं उघडलेलें काम संपूर्ण इंजिनाच्या पुनर्रचनेवर जाऊन थांबतें.

चौथी अडचण सर्वांत घातक. दट्ट्या वर येतो तेव्हां त्याच्या माथ्यांत आणि उघड्या झडपेंत अगदीं थोडें अंतर उरतें. फेझर क्रँकशाफ्टच्या मापानें ४० अंशांपर्यंतही वेळ सरकवूं शकतो. ज्या इंजिनाची घडण एकाच ठराविक वेळेसाठीं झाली, त्यांत वेळ एवढी सरकली तर उघडी झडप दट्ट्याच्या वाटेंत येऊं शकते. जाणते कारागीर अशा वेळीं दट्ट्याच्या माथ्यावर मऊ मातीचा थर लावतात, इंजिन हातानें दोन फेरे फिरवितात आणि हेड काढून मातीवरचा ठसा मोजतात. मातीचा थर दोनएक मिलिमीटरहून कमी राहिला तर धोका समजावा. ही परीक्षा न करतां वेळ सरकविली, तर एका क्षणांत झडपा वांकतात, दट्ट्या फुटतो आणि वडिलांच्या गाडीचें इंजिन भंगाराच्या भावाचें होतें.

मग जुन्या इंजिनाला ही योजना जोडतांच येत नाहीं कीं काय? येते; आणि तिचें उत्तम उदाहरण रांजणगांवींच बांधल्या गेलेल्या एका गाडींत आहे. फियाटनें १९८५ सालीं ‘फायर’ नांवाचें एक इंजिन बाहेर काढलें. यंत्रमानवांच्या हातीं जुळणी सोंपविल्यामुळें त्याला तें नांव पडलें. प्रथम तें ऑटोबिआंकी वाय टेन या छोट्या गाडींत बसलें आणि त्याचें घनमान ९९९ घन सेंटिमीटर होतें. त्याच घराण्यांतलें वाढत वाढत १,३६८ घन सेंटिमीटरचें इंजिन झालें, आणि रांजणगांवच्या लिनिया व पुंटो या गाड्यांना तें मिळालें. तोंवर इंजिनाचें मूळ घराणें जवळजवळ पाव शतकाचें झालें होतें. कंपनीला तें टाकून नवें घडवितां आलें असतें. पण तिनें तसें न करतां जुन्या ब्लॉकवर नवें हेड बसविण्याचा मार्ग धरला.

तुरिनजवळच्या ओर्बासानो येथील फियाटच्या संशोधनकेंद्रांत घडलेली ती रचना २००९ सालीं ‘मल्टीएअर’ या नांवानें आल्फा रोमिओ मिटो या गाडींत आली. तींत कॅमशाफ्ट एकच आहे. धुराच्या झडपा तो नेहमींप्रमाणें सरळ उघडतो. मिश्रणाच्या झडपा मात्र तो सरळ उघडीत नाहीं. त्याचा उंचवटा एक लहान दट्ट्या दाबतो, आणि तो दट्ट्या व झडप यांच्यामध्यें तेलानें भरलेला कोंडा असतो. कोंड्याची विजेवर चालणारी वाट बंद असली कीं कोंडलेलें तेल लोखंडी खांबासारखें कठीण होतें व उंचवट्याची सारी हालचाल झडपेला मिळते. वाट उघडली कीं तेल बाजूला निघून जातें, झडपेवरचा जोर सुटतो आणि स्प्रिंगच्या बळानें ती मिटते. उंचवटा अजून दाबीत असला तरी झडप मिटलेली राहूं शकते. अशा रीतीनें लोखंडांत घडविलेलें वेळापत्रक तसेंच ठेवून, त्यांतली कोणती गाडी सोडावयाची आणि कोणती रद्द करावयाची हें ठरविण्याचा अधिकार संगणकाच्या हातीं गेला.

याचा आणखी एक लाभ आहे. साध्या इंजिनांत वेग कमी ठेवण्यासाठीं हवेच्या वाटेंत एक पाकळी आडवी फिरवितात. दट्ट्याला मग नाक दाबून धरलेल्या माणसाप्रमाणें ओढून ओढून श्वास घ्यावा लागतो आणि त्या ओढण्यांतच कांहीं पेट्रोल वायां जातें. मल्टीएअरमध्यें वाट बरीचशी मोकळी ठेवून झडपच लवकर मिटवितां येते. हवें तेवढेंच घेतलें जातें, पण ओढाताण होत नाहीं. शक्ति १० टक्क्यांपर्यंत व मंद चालींतली ओढ १५ टक्क्यांपर्यंत वाढते आणि इंधनाची १० टक्क्यांपर्यंत बचत होते, असें कंपनीनें त्यावेळीं सांगितलें. २०१७ सालीं रांजणगांवीं जीप कंपास ही गाडी तयार होऊं लागली. तिच्या पेट्रोलच्या प्रकारांत १,३६८ घन सेंटिमीटरचें, टर्बो जोडलेलें हेंच मल्टीएअर इंजिन होतें. २०२३ सालीं त्या गाडीचा पेट्रोलचा प्रकार बंद झाला, तरी घेतलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत.

या उदाहरणांत जुन्या गाडीच्या मालकाला घेण्यासारखा धडा स्पष्ट आहे. ज्यांनीं मूळ इंजिन घडविलें त्यांनींही ही योजना सुट्या भागासारखी बाहेरून चिकटविली नाहीं. ब्लॉकची मूळ घडण ठेवली, पण हेड नवें केलें, कॅमशाफ्ट नवा केला, तेलाच्या वाटा नव्या केल्या, संगणक नवा दिला आणि परीक्षेच्या ओट्यावर इंजिन पुन्हा पुन्हा चालवून कोणत्या वेगाला कोणती वेळ योग्य याचा तक्ता तयार केला. भागांची किंमत एक वेळ मोजतां येईल. त्या तक्त्यामागील श्रम गॅरेजांत उभे करणें कठीण.

म्हणूनच लिनियाच्या मालकाला होणारा मोहही आवरलेला बरा. लिनियाचें १,३६८ घन सेंटिमीटरचें इंजिन आणि कंपासचें तेवढ्याच मापाचें इंजिन एकाच घराण्याचें. मग भंगारांत निघालेल्या कंपासचें हेड उचलून लिनियावर कां बसवूं नये? माप जुळलें तरी कंपासचें हेड टर्बोच्या दाबासाठीं व त्या दाबाला सोसणाऱ्या दट्ट्यांसाठीं बेतलेलें आहे. त्याचा संगणक गाडीच्या किल्लीशीं, इतर संगणकांशीं व पुढच्या पटाशीं ओळख पटल्यावांचून इंजिन चालूंच देत नाहीं. आणि मल्टीएअरला तेल ठरलेल्या प्रतीचें व स्वच्छ लागतें. त्याच्या बारीक वाटांत मळ अडकला तर झडपाच नीट उघडत नाहींत. तेलबदल पुढें ढकलण्याची संवय असलेल्या घराला हें इंजिन मानवत नाहीं, मग तें नव्या गाडींत असो वा जुन्या.

यंत्राचा विचार येथें संपला तरी कायद्याचा उरतोच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें, कंपनीनें मूळ दिलेल्या आणि नोंदणींत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल मालकानें गाडींत करूं नये. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. इंजिन बदलावयाचें असल्यास नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. गॅसच्या किंवा विजेच्या संचाला वाट मोकळी आहे ती तो संच मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षेंतून उतरलेला असतो म्हणून. गॅरेजांत जुळविलेल्या फेझरला असा दाखला नसतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढविण्याच्या वेळीं गाडीची तपासणी होते, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूसही इंजिन पाहतो. बदल तेव्हां महागांत पडतो.

पद्मिनीच्या मालकाला तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले. त्यांत अट अशी आहे कीं गाडी मूळ स्वरूपांत असावी आणि तिच्या सांगाड्यांत, अंगांत किंवा इंजिनांत मोठा फेरबदल झालेला नसावा. सत्तरीच्या दशकांतल्या पद्मिनी आतां एकामागून एक त्या वयाला पोंचत आहेत. आज हौसेनें बदललेलें इंजिन उद्यां त्या गाडीचा हा मान घालवूं शकेल.

बाजारांत आणखी एक वस्तु या योजनेच्या नांवानें खपविली जाते. तिच्यापासूनही सावध असावें. दांत्यांच्या चाकांत लांबट भोंकें पाडून, स्क्रू सैल करून दांडा थोडा पुढेंमागें बसवितां येईल असें एक चाक मिळतें. शर्यतीच्या इंजिनांत त्याचा खरा उपयोग आहे. पण त्यानें वेळ बदलते ती इंजिन बंद करून, पाना हातीं घेऊन. चालत्या गाडींत ती पुन्हां एकच राहते. मंद चालीला सोयीची लावली तर वेगांत तोटा, वेगाला सोयीची लावली तर मंद चालींत तोटा. हें दुसरें वेळापत्रक आहे, बदलतें वेळापत्रक नव्हे.

तेव्हां जुन्या गाडीवर चार पैसे खर्चावयाचेच असतील तर ते कोठें खर्चावे? मूळ वेळापत्रक पुन्हां बिनचूक करण्यावर. वर्षानुवर्षांच्या चालण्यानें पद्मिनीची टायमिंगची सांखळी ताणते. ती ताणली कीं कॅमशाफ्ट मागें पडतो आणि सर्व झडपा उशीरां उघडूं लागतात. रॉकर आणि झडप यांच्यामधली फट, जिला टॅपेटची फट म्हणतात, झिजेनें कमीजास्त होते. ती वाढली तर इंजिन टकटकतें आणि झडप कमी उघडते; ती नाहींशी झाली तर झडप पुरती मिटत नाहीं व तिची कड जळते. मारुतींत पट्टा एका दांत्यानें चुकला तरी ओढ गेलीच म्हणून समजावें. सांखळी किंवा पट्टा नवा घालणें, फेलर गेजनें टॅपेटची फट कंपनीच्या पुस्तकांत दिली आहे तेवढी ठेवणें, सिलिंडरांचा दाब मोजून गळक्या झडपा घासून बसविणें, कार्ब्युरेटर स्वच्छ करणें आणि ठिणगीची वेळ जुळविणें, ही कामें तालुक्याच्या गांवचा कुशल कारागीर करूं शकतो. त्यांना परवाना लागत नाहीं, गाडीचें मूळ रूप बिघडत नाहीं, आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत नव्या योजनेकडून जी ओढ मिळावी अशी आशा असते, तिच्यापैकीं बरीच ओढ अशी हरवलेलीच पुन्हां सांपडते.

बदलत्या वेळेच्या झडपांचे गुण खरे आहेत आणि ज्याला ते हवे असतील त्यानें ते ज्या इंजिनांत जन्मापासून आहेत अशी गाडी घ्यावी, हेंच शहाणपणाचें. हेडपासून तेलापर्यंत आणि तेलापासून संगणकापर्यंत त्या इंजिनाचा प्रत्येक भाग एकमेकांच्या भरंवशावर घडलेला असतो. जुन्या इंजिनाचा भरंवसा वेगळा आहे: तें थोडक्या भागांत चालतें, पान्याला उघडतें आणि दुरुस्तीला दाद देतें. झडपांची वेळ चालतां चालतां बदलणें त्याला साधत नसलें, तरी मूळ ठरलेली वेळ नीट पाळण्याचें सामर्थ्य त्याच्यांत अजून आहे. तेवढें तें पाळील अशी व्यवस्था ठेवणें मालकाच्या हातांत आहे.